खंडेनवमीचं पिस्तूल

साहेब, हरिचंद्र सुभेदाराचं प्रेत जमिनीवरून उचललंही नव्हतं आणि तुम्ही त्याला अपघात ठरवून मोकळे झालात.

दसऱ्याची सकाळ. तुमच्या परवाना कार्यालयाला कुलूप. तरी तुमचा फोन मात्र अंबरनाथच्या पोलीस स्टेशनात हजर. गोळी कुठं लागली, दार उघडं होतं का, आदल्या दिवशी तिथं कोण कोण होतं, एका शब्दानं विचारलं नाहीत. "पिस्तूल साफ करताना सुटली असणार. उरका." एवढी घाई कसली झाली होती तुम्हाला? माणूस गेला त्याची, की त्याच्या मागून काही बाहेर निघेल त्याची?

तुमचं नशीब वाईट. त्या दिवशी ड्यूटीवर उपनिरीक्षक निशा वारघडे होती.

निशा बारवी धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यावरची. रानात वाढलेल्या माणसाला एक खोड असते. कोणी वाट दाखवली, की तो आधी खाली जमीन बघतो. मोरिवलीच्या वळणावर जीप थांबली आणि ती अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत शिरली.

आत मिट्ट काळोख. बंद पडलेल्या कारखान्याची ही शेड सुभेदारानं भाड्यानं घेतली होती. फौजेतून निवृत्त झाल्यावर तो इथं शस्त्र हाताळणीचा कोर्स घ्यायचा. पिस्तुलाचा परवाना हवा, तर आधी हा कोर्स करून सर्टिफिकेट जोडावं लागतं. त्याशिवाय अर्ज जागचा हलत नाही. गोळीबाराचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं खिडक्या विटांनी बुजवून घेतल्या होत्या. आवाज जायचा तो जायचाच.

"बत्ती लावा," निशा म्हणाली.

हवालदारानं बटणं दाबून पाहिली. "लाईट गेली वाटतं, मॅडम."

"बाजूच्या शेडचा दिवा चालू आहे."

त्यानं बॅटरी भिंतीवर फिरवली. "मेन पडलाय."

"पडलाय की पाडलाय?"

निशानं खिशातून रुमाल काढला. रुमालानं खटका वर केला तशा ट्यूब फडफडत लागल्या. मेन स्विचच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, खाली हळदीचं बोट, आणि वरच्या फटीत खोवलेलं झेंडूचं फूल.

टेबलावर पाट. पाटावर दोन रायफली, एक पिस्तूल, त्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. बाजूला विझलेली समई, वाती जळून काळ्या ठिक्कर. खंडेनवमीची पूजा. आणि टेबलामागं सुभेदार, उताणा. छातीत एकच गोळी. उजव्या हातात दुसरं पिस्तूल, त्यालाही कुंकू. शेजारी तेलाची बाटली आणि फडकं.

हवालदार पिस्तूल उचलायला वाकला.

"थांबा. आधी जवळून फोटो. कुंकवाचा. मग गोळ्या काढून पिस्तूल खाली करा."

तेवढ्यात वरिष्ठ निरीक्षक पाटकरांचा फोन. "काय निशा, अपघात ना?"

"नाही, सर."

"परवाना कार्यालयातून साहेबांचा निरोप आहे..."

"साहेब इथं आलेले नाहीत, सर. शटर अर्धं खाली, खिडकी नाही, मेन बंद. अंधारात पिस्तूल कोण साफ करतं?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग पाटकर म्हणाले, "बरं. खून तर खून. मग तिथं शेवटचं कोण होतं, ते सांग."

ते सांगितलं सखानं. बाजूच्या कारखान्याचा वॉचमन, डोंगराकडचाच; सकाळी प्रेत आधी त्यालाच दिसलं होतं.

"सखादादा, काल काय ऐकलंत?"

"काय ऐकायचं, मॅडम? दुपारभर ठो ठो चालूच व्हतं. कोर्सवाल्यांचं रोजचंच. गोळ्या मोजत बसतो का मी?"

"सुभेदार शेवटचे कधी दिसले?"

"दुपारी दिसले. सांजेला समई पेटलेली दिसली, उदबत्तीचा वास आला. बोललो, केली बाबानं पूजा."

"समई दिसली, की सुभेदार दिसले?"

सखानं टोपी मागं सारली. "समई."

"आणि मग?"

"मंग ती वकीलबाई आली. शटरखालून वाकली, हाका मारल्या, आन् तरातरा निघून गेली. तिच्यामागनं कोण नाय आला."

झालं. पाटकरांना हवं होतं ते शेवटचं माणूस मिळालं.

ऋता टिपणीस. राहायला बदलापूर, वकिली उल्हासनगर कोर्टात. नाल्यात गुपचूप रसायन सोडणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्ध मोरिवलीच्या लोकांची केस तिच्याकडे. निशानं तिला स्टेशनात बसवलं, समोर चहा ठेवला.

"सुभेदारांशी भांडलात?"

"भांडले. नेमबाजीचा एक दिवस माझा राहिला होता, म्हणून त्यांनी सर्टिफिकेट अडवलं. बाकीच्या सगळ्यांना दिलं. माझा अर्ज नुसता पडून आहे. आणि टँकरनं माझी स्कूटर दोनदा घासलीय, मॅडम. मी म्हटलं, मेल्यावर माझ्या फोटोला हार घालणार, की सर्टिफिकेट?"

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, नेम धर, मग बोल. काल दुपारी धरला. चांगला लागला. दसऱ्यानंतर घेऊन जा म्हणाले. मग मलाच लाज वाटली. संध्याकाळी माफी मागायला परत गेले."

"आत गेलात?"

"अंधार होता. समई जळत होती. वाटलं, कुठंतरी बाहेर गेलेत."

"प्रेत दिसलं नाही?"

"टेबलामागं होतं, नाही दिसलं. आणि 'टेबलामागं' म्हणाले म्हणून मला धरू नका. तुमच्याच हवालदारानं आत्ता सांगितलं."

निशाला हसू आलं. ऋताला नाही आलं.  घरी तिची आई एकटी, आणि दारावर रात्री कोण थाप मारतं ते माहीत नसलेली.

काल दुपारी शेडमध्ये तिघंच आले होते. दुसरा राजेश लुल्ला, उल्हासनगर कॅम्प चारचा सोनार. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

"मॅडमजी, मी तर सराव करून पहिला निघालो. वकील मॅडम माझ्याच रिक्षात बसली, तिला स्टेशनला सोडलं. मग दुकान. दुकानात चार कॅमेरे, चारही कॅमेऱ्यांत माझं टक्कल. बघून घ्या."

"मागे कोण राहिलं?"

"यज्ञेशभाई. बोलला, मी पेढे देऊन येतो."

"तुम्ही पूजा केलीत काल?"

"आमची दिवाळीला. तराजू, गल्ला, सब उसी दिन. काल फक्त धंदा."

"कोर्समध्ये कोणाचं वाजलं होतं?"

राजेश पहिल्यांदाच जरा थांबला. "वाजलं नाही. पण शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट वाटली, चहा चालू होता. मागून कोणीतरी विचारलं, घरी साफ करताना चुकून सुटली आणि घरातल्याच माणसाला लागली, तर कलम कुठलं? सगळे हसले. सुभेदार नाही हसले. कप ठेवला आणि सरळ बाहेर."

"कोणी विचारलं?"

"मैं तो आगे बैठा था, वकील मॅडमच्या बाजूला. मागं आठ-दहा जण. मान कोण वळवतो? हातात समोसा होता."

तिसरा यज्ञेश दातार. एमआयडीसीतल्या रसायनाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी. इस्त्रीचा शर्ट, शांत आवाज, खुर्चीत बसण्याआधी परवानगी मागणारा.

"पिस्तूल कशाला हवं, दातार?"

"शिफ्ट सुटल्यावर रात्री एकटाच येतो, मॅडम. कामगार कमी केले, त्यातली पोरं गेटवर दम देतात."

"काल दुपारी शेवटी तुम्हीच होतात."

"हो. पेढे दिले, पाया पडलो आणि निघालो. ते पाट मांडत होते."

"पूजा झाली नव्हती?"

"माझ्यासमोर नाही. दिवेलागणीला मी बदलापुरात, आमच्या सोसायटीच्या भोंडल्यात."

"पुरुषमाणूस भोंडल्यात?"

यज्ञेश हसला. "स्पीकर, लाईट, सगळं माझ्याकडं असतं. पन्नास बायकांनी पाहिलंय मला. पायलनं, आमच्या मिसेसनं, माईकसुद्धा धरायला लावला."

"पेढे कुठले?"

"कंपनीतले. सकाळी पूजा झाली ना. अठरा वर्षं मीच करतो. यंत्रं पुसायची, हळदकुंकू, नारळ, पेढे. मग सगळं बंद करून सुट्टी."

त्याचं सगळं बरोबर होतं. डॉक्टर म्हणाले, त्या पत्र्याच्या शेडमधला उकाडा धरता मृत्यू दुपारचाही असेल, सांजेचाही असेल. पण पूजा झाली, समई पेटली, म्हणजे सांजेपर्यंत सुभेदार जिवंत होता. आणि सांजेला तिथं आली ती फक्त ऋता.

दुपारी निशा मोरिवलीत सुभेदाराच्या घरी गेली. त्याची बायको विठाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"परवान्याच्या हापिसात गेले होते चार दिवसांमागं," ती म्हणाली. "आले ते गप्पच. म्हणाले, एक अर्ज थांबवा म्हणून सांगून आलो. पण साहेब म्हणतात तोंडी चालत नाही, लेखी आणा, तोवर अर्ज पुढं जाणारच. दसरा झाला की देतो लिहून."

"कुणाचा अर्ज?"

"नाव नाही घेतलं. म्हणाले, माझीच समजूत चुकीची निघाली, तर फुकट एका घराची अब्रू जायची." विठाबाईनं डोळे पुसले नाहीत. "अशी माणसं मरतात बघ पोरी. दुसऱ्याची अब्रू सांभाळत."

निशानं तुम्हाला फोन लावला, साहेब. आठवतंय? "असं कोणीही आलं नव्हतं. सणाच्या दिवशी त्रास देऊ नका." आणि कट.

पाटकरांना मात्र विठाबाईचं बोलणं फार आवडलं. "हे घे. ऋताचाच अर्ज अडकलाय. म्हाताऱ्यानं थांबवला, हिला कळलं, हिनं मारला. संध्याकाळी अटक दाखव. कोर्टात उभी राहणारी बाई आत गेली, की टँकरवालेही थंड होतील आणि आपणही."

"सर, संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"संध्याकाळपर्यंतच."

निशा परत शेडकडे आली. सखा कारखान्याच्या फाटकाशी आपट्याची पानं घेऊन बसला होता. तिनं त्याला म्हटलं, "तुमच्याकडची पूजा दाखवा जरा."

त्यानं दिंडी दरवाजा उघडला. आत ओळीनं यंत्रं, प्रत्येकाला झेंडू, प्रत्येकाला कुंकू. निशा ओळीनं चालत शेवटच्या भिंतीपर्यंत गेली आणि जागच्या जागी उभी राहिली. भिंतीवर मेन स्विच. खटका खाली. वर कुंकवाचं स्वस्तिक, हळदीचं बोट, झेंडूचं फूल.

"हे कोणी केलं?"

"आमच्या साहेबांनी. पूजा झाली की शेवटी मेन पाडतात, त्याला कुंकू लावतात. ऑफिसची आन् बाहेरची बत्ती तेवढी वेगळी. मिशीनला निजवायचं आसतं ना. सगळ्याच कंपन्यांत आसंच."

निशानं तिथूनच ठसे विभागाला फोन केला. मग जीप बदलापूरकडे वळवली, दातारच्या सोसायटीकडे. तिथं ती फार वेळ थांबली नाही.

संध्याकाळी शेडमध्ये सगळे जमले. पाटकर, हातात अटकेचे कागद. ऋता, बाजूला महिला शिपाई. राजेश, यज्ञेश, सखा. विठाबाई बसायला तयार नव्हती, ती उभीच.

"आटप निशा," पाटकर म्हणाले.

"सर, सखादादांनी काल सांजेला सुभेदार पाहिलेच नाहीत. समई पाहिली. समई पेटली म्हणजे सुभेदार जिवंत, हे आपण मनानंच धरलं. खुन्याला आपण नेमकं हेच धरायला हवं होतं."

"पूजा मग कोणी केली?"

"ज्यानं मारलं त्यानं. सुभेदारांनी सामान आणलं होतं, पाटही मांडत होते. पुढचं त्यानं केलं." निशानं फोटो टेबलावर ठेवला. "हे सुभेदारांच्या हातातलं पिस्तूल, जसं सापडलं तसं. कुंकवाचं बोट बघा. वरच्या सरकत्या भागापासून खालच्या भागापर्यंत एकच सलग रेघ. गोळी सुटली की हा वरचा भाग सटकन मागं जातो आणि परत पुढं येतो. पूजा आधी आणि गोळी नंतर असती, तर ही रेघ मध्येच तुटली असती. ती अख्खी आहे. म्हणजे आधी गोळी, मग कुंकू. आणि सुभेदार मेल्यावर उठून कुंकू लावायला आले नाहीत."

"बाप रे," राजेश पुटपुटला.

"गोळी दुपारीच सुटली. दुपारभर इथं गोळ्या सुटतच होत्या, एक जास्त झाली तर कोणाला कळणार? मग समई काठोकाठ भरायची, पेटवायची आणि निघून जायचं. सांजेला ती जळताना दिसते आणि आपण पन्नास बायकांच्या समोर असतो."

सगळ्यांच्या माना यज्ञेशकडे वळल्या. तो शांतच. "मॅडम, कुंकू कोणीही लावेल. वकीलबाईसुद्धा दुपारी परत आल्या असतील."

"कुंकू कोणीही लावेल, दातार. मेन कोण पाडेल?"

त्याची नजर भिंतीवरच्या मेनकडे गेली.

"तुम्ही अपघात रचलात. तेल ठेवलंत, फडकं ठेवलंत, पिस्तूल हातात दिलंत. सगळं डोक्यानं केलंत. पूजा मात्र हातानं केलीत, आणि तुमचा हात अठरा वर्षं एकच पूजा करतोय. पूजा संपली, हात आपोआप भिंतीकडे गेला. मेन पाडला, वर स्वस्तिक काढलं, फूल खोवलं. फौजी माणूस हत्यारं पुजतो, तो स्विचबोर्ड कशाला पुजेल? कोर्टातली वकील की सराफ्यातला सोनार? हे फक्त कारखान्यातला माणूस करतो. पिस्तूल साफ करतानाचा अपघात उभा केलात आणि स्वतःच उजेड घालवलात."

"हे सगळं कोर्टात—"

"टिकणार नाही, मला माहितीय. म्हणून सकाळी तुम्हा तिघांचे ठसे घेतले. तुम्ही म्हणालात तुमच्यासमोर पूजा झालीच नाही. मग मेनवरच्या कुंकवात तुमचं बोट कसं उठलं? ठसे विभागाचा फोन येऊन गेला. तेलात कालवलेलं कुंकू, ठसा अगदी रेषारेषांसकट."

यज्ञेशनं उजव्या हाताची मूठ मिटली. सगळ्यांनी पाहिली.

"पण का?" पाटकर म्हणाले. "अर्ज तर हिचा अडकला होता."

"ऋताताईंना सर्टिफिकेटच नव्हतं, सर. न चालणारा अर्ज थांबवा म्हणून सांगायला कोण जाईल? सुभेदार गेले होते ते ज्याला सर्टिफिकेट देऊन बसले होते त्याच्यासाठी. चहाच्या वेळी मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, घरातल्या माणसाला लागली तर कलम कुठलं. सगळे हसले. त्या एका म्हाताऱ्याला कळलं, की हा विनोद नाही, चौकशी आहे. पायलताईंना मी दुपारी भेटले, दातार. दार अर्धंच उघडलं त्यांनी. घरात कोणी नसताना दर वाक्याला मागं वळून बघत होत्या. शेवटी बाही वर केली आणि दंड दाखवला. आत्ता त्या आमच्या महिला शिपायाबरोबर आहेत."

तेव्हा तो इस्त्रीचा माणूस फाटला.

"म्हातारा माझ्या घरात नाक खुपसत होता! मी हात जोडले त्याच्यासमोर. लेखी देऊ नका म्हटलं. ऐकेचना. म्हणाला, आधी तुझ्या बायकोला भेटतो. मला वेळेवर फोन आला म्हणून, नाहीतर मला कळलंही नसतं!"



"कोणाचा फोन?" निशानं हळू विचारलं.

"परवाना कार्यालयातून. म्हणाले, तुमच्या मास्तरनंच तक्रार केलीय, लेखी यायच्या आत मिटवून घ्या."

पाटकरांनी हातातले अटकेचे कागद घडी करून खिशात घातले. विठाबाई यज्ञेशकडे बघतच नव्हती. ती निशाकडे बघत होती. "म्हणजे त्यांनी विश्वासानं सांगितलं," ती म्हणाली, "आणि तिथल्यांनी ते यालाच जाऊन सांगितलं?"

 ऋतानं पुढं होऊन तिचा हात धरला.

सुट्टी संपली आणि निशा तुमच्या कार्यालयात आली, साहेब. विठाबाई बरोबर, आणि तिची वकील म्हणून ऋता टिपणीस. तुम्ही मान वर केली नाहीत. पेनाचं टोपण लावलंत, काढलंत. म्हणालात, "चौकशी चालू आहे, हा विषय तुमच्या हद्दीत येत नाही, मॅडम, आणि या बाईंना बाहेर बसवा."

विठाबाई बाहेर बसली नाही. तिनं तुमच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि नवऱ्यासारखी ताठ बसली.

"माझ्या माणसानं तुम्हाला तोंडी सांगितलं तेव्हा ते कागदावर चढलं नाही," ती म्हणाली. "त्याला मारणाऱ्याला मात्र तोंडीच पोचलं. मला पैसे नकोत, सांत्वन नको. नाव सांगा. त्याला फोन कोणी केला? साहेब, मी तुमच्याशी बोलतेय. कोणी केला?"